युक्तिवादाची आकृती आणि संमतिवयाचा वाद : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

महाविद्यालयीन शिक्षणात चिकित्सक विचारशक्तीचा उल्लेख नवा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिच्यावर विशेष भर दिला आहे. मात्र ही शक्ती विद्यार्थ्यांत कशी रुजवावी, या प्रश्नाला आपल्याकडे सहसा दोनच उत्तरे मिळतात. एक तर्कशास्त्राचा पेपर आणि दुसरे वादविवाद स्पर्धा. पहिल्यात विद्यार्थी संविधानाचे प्रकार पाठ करतो, पण वृत्तपत्रातील अग्रलेख हाती दिला असता त्यातील मुख्य विधान कोणते हे त्याला सांगता येत नाही. दुसऱ्यात चिठ्ठी उचलून मिळालेली बाजू तो आवेशाने मांडतो आणि टाळ्या मिळवतो, पण प्रतिपक्षाचे म्हणणे नेमके कोठे खोडले गेले हे त्याला किंवा परीक्षकालाही अनेकदा ठाऊक नसते.

या दोहोंच्या मध्ये उभे राहू शकणारे एक साधन म्हणजे युक्तिवादाची आकृती. विधाने चौकटींत लिहायची, कोणते विधान कोणत्या विधानाला आधार देते अथवा छेद देते हे बाणांनी दाखवायचे, एवढेच तिचे बाह्य स्वरूप. विचार, अध्ययन आणि संघर्षनिवारण या तिन्ही कामी ती उपयोगी पडते, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याची तपासणी महाराष्ट्राच्या इतिहासातील एका खऱ्या वादावर, म्हणजे १८९१ च्या संमतिवयाच्या वादावर करावयाची आहे. ज्या वादात दोन्हीकडे असामान्य बुद्धीची माणसे होती आणि जो मिटला नाही, तोच अशा साधनाची खरी कसोटी ठरू शकतो.

आकृतीची परंपरा

युक्तिवाद रेखाटण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. रिचर्ड व्हेटली यांच्या ‘एलिमेंट्स ऑफ लॉजिक’ (१८२६) या ग्रंथात निष्कर्षापासून आधारांकडे फुटत जाणाऱ्या शाखांचा आराखडा आढळतो. जॉन हेन्री विगमोर या अमेरिकन विधिपंडितांनी १९१३ मध्ये खटल्यातील पुराव्यांचा तक्ता करण्याची पद्धत मांडली. साक्ष, परिस्थितिजन्य पुरावा, खुलासा यांना वेगवेगळी चिन्हे देऊन शेकडो तपशील एका दृष्टिक्षेपात आणण्याचा तो प्रयत्न होता. मन्रो बिअर्डस्ली यांनी १९५० मध्ये तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बाणांच्या आकृत्या आणल्या आणि अनेक आधार एका निष्कर्षाकडे येणे, एका आधारातून अनेक निष्कर्ष निघणे व साखळीने पुढे जाणे हे भेद स्पष्ट केले.

स्टीफन टूलमिन यांच्या ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ (१९५८) या ग्रंथाने या विचाराला निर्णायक वळण दिले. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे : हॅरीचा जन्म बर्म्युडात झाला, म्हणून तो ब्रिटिश प्रजाजन आहे. जन्मस्थळ हा आधार आणि प्रजाजनत्व हा दावा. परंतु आधारावरून दाव्यावर जाण्याची मुभा कोण देते? ‘बर्म्युडात जन्मलेला मनुष्य सामान्यतः ब्रिटिश प्रजाजन असतो’ हा नियम देतो. या लेखात त्या नियमाला ‘अनुज्ञा’ म्हटले आहे. अनुज्ञेच्या पाठीशी कायद्याची कलमे असतात आणि तिला अपवादही असतात. हॅरीचे आईवडील दोघेही परकीय असतील तर दावा टिकत नाही.

पुढे १९७० मध्ये वेर्नर कुंट्स आणि होर्स्ट रिटेल यांनी नियोजनातील गुंतागुंतीच्या प्रश्नांसाठी प्रश्न, भूमिका आणि युक्तिवाद अशी त्रिस्तरीय रचना सुचवली. २००० नंतर मेलबर्न विद्यापीठात टिम व्हॅन गेल्डर यांनी, तर डंडी विद्यापीठात ख्रिस रीड व ग्लेन रो यांनी आकृत्यांसाठी संगणकप्रणाली तयार केल्या.

भारतीय वाचकाला यात काही ओळखीचे वाटल्यास नवल नाही. न्यायदर्शनातील प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे पाच अवयव युक्तिवादाचे घटक वेगळे करूनच दाखवतात. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, या अनुमानात ‘जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर’ हा उदाहरणाचा अवयव टूलमिनच्या अनुज्ञेचे बरेचसे काम करतो. मीमांसकांच्या अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष आणि सिद्धान्त यांचा क्रम ठरलेला असतो. तथापि हे साम्य ताणून ‘सर्व काही आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणणे योग्य नाही. पंचावयवी वाक्य एका अनुमानाची रचना दाखवते. अनेक अनुमानांचे परस्परसंबंध पटावर मांडणे ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या परंपरेचे खरे योगदान दुसऱ्या ठिकाणी आहे व त्याचा विचार पुढे केला आहे.

संमतिवयाचा वाद : आकृतीत मांडणी

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने पत्नीच्या बाबतीत समागमाची किमान वयोमर्यादा दहा वर्षे ठरवली होती. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध चळवळ आरंभली. १८९० मध्ये कोलकात्यात फुलमणी दासी हिच्या मृत्यूचा खटला गाजला. ही बालिका दहा वर्षांची मर्यादा ओलांडलेली असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप लागू होऊ शकला नाही. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी त्याचा कायदा झाला. महाराष्ट्रात रानडे, भांडारकर, तेलंग, आगरकर हे विधेयकाच्या बाजूने आणि टिळक विरोधात, असे या वादाचे चित्र सर्वपरिचित आहे.

वादातील प्रमुख विधाने पुढीलप्रमाणे संक्षेपाने मांडता येतात. ही कोणाचीही अवतरणे नसून भूमिकांचा गोषवारा आहे.

मुख्य दावा : वयोमर्यादा कायद्याने दहावरून बारावर न्यावी.

समर्थन :
क१. अपक्व वयातील समागम मुलीच्या शरीरास घातक आहे.
क२. दुर्बलाची अशी हानी रोखणे हे राज्याचे कर्तव्य आहे.
क३. धर्मशास्त्र या कायद्याच्या आड येत नाही.

विरोध :
ख१. ऋतुप्राप्तीनंतरचा गर्भाधानसंस्कार शास्त्रविहित असून कायदा त्यास बाधक आहे.
ख२. परकीय सरकारला धर्माचारात हात घालण्याचा अधिकार नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने तसे अभिवचनही दिले आहे.
ख३. समाजसुधारणा शिक्षणानेच होते.
ख४. असा कायदा पोलिसांना घरात आणील.

ही विधाने केवळ दोन रकान्यांत लिहिली तर ती वादविवाद स्पर्धेतील मुद्द्यांची यादी होते. परस्परसंबंध दाखवू लागताच चार गोष्टी पुढे येतात.

पहिली गोष्ट अशी की, क१ आणि क२ हे संयुक्त आधार आहेत. केवळ हानी होते म्हणून कायदा हवा, असे सिद्ध होत नाही. हानी रोखणे राज्याचे काम आहे, ही अनुज्ञा सोबत असावी लागते. आता विरोधाचे बाण कोठे लागतात ते पाहावे. ख२ आणि ख३ यांतील एकही बाण क१ कडे जात नाही. दोन्ही क२ वर जातात. टिळकांनी १८९० मध्ये सुधारकांपुढे ठेवलेली सूचना येथे महत्त्वाची ठरते. मुलींचे विवाह सोळा वर्षांपूर्वी व मुलांचे वीस वर्षांपूर्वी करू नयेत आणि सुधारकांनी हे बंधन प्रथम स्वतःवर घालून घ्यावे, असा तिचा आशय होता. यातील वय कायद्याने मागितलेल्या वयापेक्षा जास्त आहे. म्हणजे बालविवाह अनिष्ट आहे की नाही यावर हे दोन पक्ष फारसे विभागलेले नव्हते. सुधारणा कोणी करावयाची आणि कोणत्या अधिकाराने, हा वादाचा गाभा होता. ‘सुधारक विरुद्ध सनातनी’ या रूढ चौकटीत हा भेद पुसला जातो.

दुसरी गोष्ट क३ विषयीची आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातील वचनांचा सखोल परामर्श घेऊन शास्त्राची हरकत नसल्याचे दाखवले आणि टिळकांनी त्यास उत्तर दिले. या विद्वत्तापूर्ण चर्चेने मोठी जागा व्यापली. आकृतीत मात्र क३ हे विधान मुख्य दाव्याला थेट आधार देत नाही. ते केवळ ख१ या आक्षेपाचे निवारण करते. भांडारकरांचा प्रत्येक मुद्दा मान्य केला तरी कायदा आवश्यक आहे असे ठरत नाही. उलट ख१ पूर्णतः कोसळला तरी ख२ अबाधित राहतो. शिवाय आगरकरांसारख्या बुद्धिवाद्याला क३ ची गरजच नव्हती. शास्त्राने विरोध केला असता तरी त्यांचा निष्कर्ष बदलला नसता. म्हणजे एकाच बाजूचे म्हणवणारे भांडारकर आणि आगरकर भिन्न शाखांवर उभे होते. वादाचा सर्वांत पांडित्यपूर्ण भाग वादाच्या मुख्य खोडापासून दूर होता, हे आकृतीवाचून सहज ध्यानात येत नाही.

तिसरी गोष्ट ख२ च्या बळाविषयी. याच सरकारने १८२९ मध्ये सतीची चाल बंद केली होती, १८५६ मध्ये विधवाविवाहाला कायदेशीर मान्यता दिली होती आणि १८६० पासून दहा वर्षांची मर्यादा अस्तित्वात होतीच. मग तत्त्वतः विरोध असेल तर तो दहाच्या मर्यादेलाही हवा. यावर विरोधकाला असे उत्तर देता येईल की, दहा वर्षांपूर्वी ऋतुप्राप्ती विरळा असल्याने जुनी मर्यादा संस्काराच्या आड येत नव्हती, नवी येते. हे उत्तर देताच ख२ हा स्वतंत्र आक्षेप राहत नाही, तो ख१ वर टेकतो. स्वतंत्र वाटणाऱ्या दोन आक्षेपांतील हे छुपे अवलंबित्व उघड होणे, हा आकृतीचा मोठा लाभ होय.

चौथी गोष्ट भाषेची आहे. ‘सुधारणा शिक्षणाने होते’ आणि ‘सुधारणा शिक्षणानेच होते’ या दोन वाक्यांत एका ‘च’चा फरक आहे. पहिले वाक्य कायद्याच्या विरोधात जातच नाही. शिक्षण आणि कायदा दोन्ही चालू शकतात. दुसरे वाक्य मात्र कायद्याची वाट बंद करते. भाषणाच्या ओघात वक्ता पहिल्या वाक्याचा पुरावा देतो आणि दुसऱ्या वाक्याचा निष्कर्ष काढतो, तेव्हा श्रोत्याला ते जाणवत नाही. चौकटीत वाक्य लिहिताना ‘च’ ठेवायचा की नाही, हे ठरवावेच लागते. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘सबब’, ‘जरी… तरी’ या अव्ययांचेही असेच आहे. ‘कारण’ बाणाची दिशा उलटवते, तर ‘जरी… तरी’च्या पोटात एक आक्षेप आणि त्याचे उत्तर दडलेले असते. म्हणून आकृती काढणे हा मराठीच्या अध्यापनातही अर्थपूर्ण पाठ ठरू शकतो.

अध्ययनातील उपयोग आणि त्याची अट

मेलबर्नमधील अध्यापनात आकृत्यांचा वापर करणाऱ्या विद्यार्थ्यांची चिकित्सक विचारशक्ती, प्रमाणित चाचणीच्या गुणांवरून पाहता, लक्षणीय सुधारल्याचे चार्ल्स ट्वार्डी यांनी २००४ मध्ये नोंदवले. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, परंतु तो स्वीकारताना एक भान हवे. व्हॅन गेल्डर यांनी स्वतःच हेतुपुरस्सर, पुनःपुन्हा केलेल्या सरावाचे महत्त्व आग्रहाने मांडले आहे. अशा अभ्यासक्रमात विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे युक्तिवाद सोडवतात आणि प्रत्येक वेळी त्यांना दुरुस्ती मिळते. तेव्हा श्रेय आकृतीला किती आणि सरावाला किती, हे वेगळे काढणे अवघड असते.

आपल्या वर्गांच्या संदर्भात याचा अर्थ स्पष्ट आहे. एका तासात फळ्यावर आकृती काढून दाखवणे आणि ती परीक्षेत जशीच्या तशी मागणे, याने काही साधणार नाही. तेव्हा आकृतीही संविधानाच्या प्रकारांप्रमाणे पाठ होईल. आज यंत्र क्षणार्धात बरा निबंध लिहून देते. अशा काळात विद्यार्थ्याने अमुक विधान अमुक चौकटीखाली का ठेवले याचे तोंडी समर्थन मागणे, ही त्याच्या आकलनाची अधिक खरी परीक्षा ठरेल. एकाच उताऱ्याच्या दोन विद्यार्थ्यांच्या आकृत्या सहसा जुळत नाहीत. त्या जुळत नाहीत तेथेच अध्यापनाला सुरुवात होते.

संघर्षनिवारण : मर्यादा कोठे आहे?

तिसरा दावा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुबळा आहे. आकृती मतभेदाचे स्थान दाखवते, म्हणून ती मतभेद मिटवते, असे अनुमान येथे गृहीत धरलेले दिसते. टूलमिनच्याच भाषेत सांगायचे तर या अनुमानाची अनुज्ञा तपासली पाहिजे. संमतिवयाच्या वादात मतभेदाचे स्थान क२ आहे हे कळल्याने टिळक आणि आगरकर एकत्र आले असते काय? राज्यसत्ता परकीय असताना तिच्या हातून सुधारणा घ्यावी की नाही, हा मूल्यक्रमाचा प्रश्न होता. स्वातंत्र्य आधी की मुलीचे संरक्षण आधी, याचा निवाडा बाण करू शकत नाही. प्रत्यक्षात कायदा झाल्यावरही वाद शमला नाही. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू नये, इथपर्यंत तो पोहोचला. आगरकरांची तर ते हयात असताना प्रेतयात्रा काढली गेली. या कृतीला कोणत्या चौकटीत लिहावे? ती विधान नव्हे, पण वादातील तिचे सामर्थ्य अनेक विधानांहून अधिक होते.

याहून गंभीर मर्यादा वेगळीच आहे. वर दिलेल्या आकृतीतील प्रत्येक विधान पुरुषांचे आहे. कायद्याच्या नावात ‘संमती’ आहे, मात्र जिच्या संमतीचा प्रश्न आहे ती मुलगी आकृतीत कोठेही वक्ता म्हणून येत नाही. ती क१ या चौकटीतील पुरावा म्हणून येते. फुलमणी दासीचा मृत्यू हा आधार आहे, तिचे म्हणणे उपलब्ध नाही. स्त्रियांना म्हणण्यासारखे काही नव्हते असे नव्हे. बालपणी झालेल्या विवाहानंतर पतीकडे नांदावयास नकार देणाऱ्या रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘ए हिंदू लेडी’ या टोपणनावाने पत्रे लिहून बालविवाहाने स्त्रीचे शिक्षण आणि आयुष्य कसे खुंटते हे मांडले होते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे तो फिरला आणि १८८७ मध्ये पतीकडे जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा आदेश झाला. त्यांनी कारावासाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये पतीने पैसे घेऊन हक्क सोडला आणि रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. येथे संघर्ष मिटला तो युक्तिवादाने नव्हे, तडजोडीने. आणि स्त्रीच्या इच्छेचा जो मुद्दा त्यांनी उभा केला होता, तो १८९१ च्या चर्चेत शरीराच्या हानीपुरता आक्रसला.

‘स्त्रीची इच्छा हाच विवाहसंबंधाचा आधार असावा’ हे विधान वरील आकृतीत जोडून पाहावे. क३ आणि ख१ यांतील शास्त्रार्थ अप्रस्तुत होतो. दहा की बारा हा प्रश्न दुय्यम ठरतो. ख२ मधील ‘आपला समाज’ म्हणजे नेमके कोण, असा नवा आक्षेप उभा राहतो. एका चौकटीच्या प्रवेशाने संपूर्ण मांडणी बदलते. यावरून लक्षात येते की आकृती उच्चारलेल्या विधानांपुरतीच प्रामाणिक असते. मौनाला तिच्यात चौकट नाही. ती जितकी नीटनेटकी, तितका तिच्या पूर्णतेचा भास अधिक.

वाद, जल्प, वितंडा

येथे भारतीय परंपरेची मदत घ्यावीशी वाटते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले : सत्यशोधनासाठीचा वाद, विजयासाठीचा जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या चर्चेचे संधाय संभाषा व विगृह्य संभाषा, म्हणजे मैत्रीची चर्चा आणि झुंजीची चर्चा, असे दोन प्रकार केले आहेत. युक्तिवादाची रचना तपासण्यापूर्वी चर्चा कोणत्या वृत्तीने चालली आहे हे पाहावे, हा त्यातील बोध होय. पाश्चात्त्य आकृतिपद्धतीत याला स्वतंत्र स्थान नाही. संधाय संभाषेत आकृती आरशासारखी काम करते. विगृह्य संभाषेत तीच प्रतिपक्षावरील आरोपपत्र होते.

वृत्ती आकृतीतून निर्माण होत नसली, तरी तिला पोषक अशी शिस्त घालता येते. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त नाही, हा आपल्या शास्त्रकारांचा दंडक होता. अनातोल रापोपोर्ट यांनीही १९६० च्या आपल्या ग्रंथात, प्रतिपक्षाची भूमिका त्याचे समाधान होईल अशा रीतीने आधी सांगावी, अशी अट सुचवली. वर्गात या दोहोंचा मेळ घालता येईल. प्रत्येक गटाने प्रथम विरोधी गटाची आकृती काढावी. विरोधी गटाने ‘होय, आम्हाला हेच म्हणायचे आहे’ असे मान्य केल्यावरच आक्षेपाचे बाण काढण्यास परवानगी असावी. आणि शेवटी एक चौकट मुद्दाम रिकामी ठेवावी. या प्रश्नाचा परिणाम ज्यांच्यावर होतो, पण ज्यांचे विधान आपल्याजवळ नाही, त्यांची ती चौकट असेल.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. विचाराचे साधन म्हणून युक्तिवादाची आकृती बलवान आहे. संमतिवयाच्या वादात तिने मतभेदाचे खरे स्थान, शास्त्रचर्चेचे गौणत्व आणि आक्षेपांतील छुपे अवलंबित्व दाखवून दिले.

२. अध्ययनाचे साधन म्हणून तिचे मूल्य सरावावर आणि समर्थनावर अवलंबून आहे. केवळ रेखाटन म्हणून ती निष्फळ ठरेल.

३. संघर्षनिवारणाचे साधन म्हणून ती अपुरी आहे. मतभेद कोठे आहे हे ती सांगते, तो का सोडवत नाही हे सांगत नाही.

४. आकृती कोणी बोलले हे नोंदवते, कोणाला बोलू दिले नाही हे नोंदवत नाही. ही उणीव आकृती काढणाऱ्याने जाणीवपूर्वक भरून काढावी लागते.

टिळक आणि आगरकर १८८० मध्ये एकाच शाळेच्या कामात खांद्याला खांदा लावून उभे होते. दहा-अकरा वर्षांत ते ज्या प्रश्नावर दुरावले, त्याचे स्थान आज आपण चार चौकटींत दाखवू शकतो. त्या चौकटी पाहून विद्यार्थी ‘कोण बरोबर होते?’ असे विचारील, तेव्हा अध्यापकाने त्याला आधी रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवावे.